कळ, काल आणि एक इवलासा फोन

गेल्या विकांताला घरी टेंभुर्णीला गेलो होतो. पुणे-सोलापूर हायवेने जाणाऱ्यांना टेंभुर्णी माहीत असते ती पंढरपूर, अकलूज आणि कुर्डुवाडीचे फाटे फुटतात ते गाव म्हणून. आमच्यासाठी ते घर आहे, आणि घरी गेलं की आईने माझ्यासाठी राखून ठेवलेलं एखादं काम असतंच. ह्या वेळी माळा आवरायचा होता. माळ्यावर एक पितळी घागर, माझी आठवी-नववीची पुस्तकं, आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात वायरींचा गुंता. त्या गुंत्यात हा फोन सापडला.

हा दादाचा फोन. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. थोरले चुलते लवकर गेले, त्यामुळे तो आमच्याच घरात, आज्जीच्या हाताखाली वाढला. २०१० मध्ये हिंजवडीत नोकरीला लागला आणि त्याच दिवाळीत त्याने हा फोन घेतला. २०१२ मध्ये परदेशी जाताना मला देऊन गेला. (कंपनीचं नाव सांगत नाही. जुन्या फोनचे चाहते फार कडवे असतात, उगाच भांडण नको.)

तर मंडळी, पंधरा वर्षं उशिरा का होईना, फर्स्ट इम्प्रेशन्स!

पहिली गोष्ट म्हणजे, हा खरंच फोन आहे? आजकालच्या साडेसहा इंची पाट्या हाताळून ही वस्तू हातात घेतली की वाटतं, कोणीतरी खरा फोन गरम पाण्यात धुतला आणि तो आटला. तळहातावर ठेवला तर बोटं मोकळी राहतात. शर्टाच्या खिशात टाकला तर खिशाला कळतसुद्धा नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघितला, सव्वाशे ग्रॅमही भरला नाही. (आई म्हणाली, "काटा पुसून ठेव.") जाडी मात्र भरपूर, कारण त्याच्या पोटात कीबोर्ड आहे. अंगठ्याने पडदा बाजूला सरकवला की "टक्" असा आवाज होतो आणि खालून चार ओळींचा क्वर्टी कीबोर्ड बाहेर येतो. हा आवाज मी विसरलो होतो. आठवीत असताना दादा शनिवारी आला की मी नुसता तो फोन उघड-बंद करत बसायचो आणि आज्जी ओरडायची, "मोडशील रं त्याला!"

बॅटरी मेली आहे, पण चार्जर लावून ठेवला तर चालू होतो. चालू झाला तेव्हा तारीख दाखवत होता ६ जानेवारी १९८०. हा बिघाड नव्हे. जीपीएसचं घड्याळ त्या दिवसापासून मोजायला लागतं, आणि आजची तारीख सांगणारं कोणी भेटलं नाही की त्या काळातले बरेच फोन तिथे जाऊन बसतात. आमच्या उजनी धरणाचं काम पूर्ण झालं तेही साल १९८०. म्हणजे फोनच्या मते धरण अजून व्हायचंय!

गुगल खात्यात शिरता येत नाही, कारण इतक्या जुन्या अँड्रॉइडवर ते सप्टेंबर २०२१ पासून बंदच झालंय. आजच्या वेबसाइट्स उघडत नाहीत, त्यांची सुरक्षा-प्रमाणपत्रं ह्याला ओळखता येत नाहीत. थोडक्यात, फोन म्हणून तो संपलाय. पण एसएमएस सगळे जागेवर होते. आणि त्यात बुधवार, १० ऑगस्ट २०११, सकाळी ११.४२ चा आण्णांचा एक मेसेज होता. आण्णा म्हणजे माझे वडील.

तो मेसेज सांगतोच. पण तो का तसा लिहिला गेला हे कळायला थोडं मागे जावं लागेल. थोडं म्हणजे टाइपरायटरपर्यंत.

आमचे आण्णा पतसंस्थेत क्लार्क होते. त्या नोकरीसाठी त्यांनी मराठी टायपिंगच्या तीस आणि चाळीसच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. तीस-चाळीस म्हणजे मिनिटाला तितके शब्द. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी एसटी स्टँडजवळ एक टायपिंग क्लास असायचाच. जिना चढताना वरून पाऊस पडल्यासारखा आवाज यायचा. ह्या क्लासेसच्या मागे सरकारी कारभार मराठीत येणं हे मोठं कारण होतं. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम झाला १९६४ मध्ये, आणि कचेऱ्यांना मराठी यंत्रं आणि ती चालवणारी बोटं लागू लागली. यंत्रं होती रेमिंग्टनची, आणि गोदरेजची. गोदरेजने १९५५ मध्ये भारतातला पहिला टाइपरायटर बनवला. पुढे त्यांचं टाइपरायटरचं काम सातारा जिल्ह्यातल्या शिरवळला चालायचं. २००९ मध्ये उत्पादन थांबलं, २०११ च्या एप्रिलमध्ये ती बातमी जगभर फिरली, आणि त्या जागी फ्रिज बनू लागले.

आता इथे एक इंजिनिअरिंगचा प्रश्न आहे. टाइपरायटरला कळा ४६. शिफ्ट धरून ९२ चिन्हं. इंग्रजीला लहान-मोठी मिळून ५२ अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं, झालं काम. देवनागरीचं काय? स्वर, व्यंजनं, काना-मात्रा, अर्धी अक्षरं, रफार, वर जोडाक्षरं. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या माणसासमोर मराठीचे शेकडो खिळे असायचे. ते ९२ मध्ये बसवायचे म्हणजे शनिवारच्या दुपारी पंढरपूरच्या एसटीत माणसं बसवण्यासारखं.

त्यावर दोन उपाय निघाले. एक, लिपीच बदला. सावरकरांनी रत्नागिरीत असताना 'अ' ची बाराखडी मांडली. इ-ई-उ-ऊ हे वेगळे खिळे कशाला, 'अ' लाच वेलांटी-उकार द्या: अि, अी, अु, अू. किर्लोस्कर मासिकाने ती काही काळ वापरलीसुद्धा. १९५३ मध्ये लखनौला लिपी सुधारणेची परिषद भरली आणि ऱ्हस्व वेलांटीही अक्षराच्या उजवीकडेच द्यावी, फक्त आखूड काढावी, अशी शिफारस झाली. का? कारण यंत्र डावीकडून उजवीकडे जातं, आणि 'कि' मधली वेलांटी क च्या आधी दिसते पण नंतर उच्चारली जाते. यंत्रासाठी भाषेचं हस्ताक्षर बदलायचं! लोकांनी ते काही मनावर घेतलं नाही. मला ह्यात लोकांचं बरोबर वाटतं, पण त्या मंडळींची अडचणही खरी होती हे कोड लिहिणाऱ्या माणसाला नाकारता येत नाही.

दुसरा उपाय रेमिंग्टनचा, म्हणजे अक्षरं तोडा. 'श' नावाची कळच नाही. अर्धा श् आहे, त्याला काना जोडला की पूर्ण श. 'भ' चं तेच, 'ण' चं तेच. वेलांटी ऱ्हस्व असेल तर अक्षराच्या आधी मारायची, दीर्घ असेल तर नंतर. उकार-अनुस्वाराच्या कळा दाबल्या तर गाडी पुढेच सरकत नाही, म्हणजे खालचं-वरचं चिन्ह त्याच अक्षरावर बसतं. यंत्राला आवाज कळत नाही, फक्त आकार कळतो, आणि आकार जुळवायचं काम माणसाच्या दहा बोटांनी करायचं. आण्णांच्या बोटांत हे इतकं मुरलंय की अजूनही टीव्हीवर बातम्या ऐकताना त्यांची बोटं मांडीवर हलतात. आईला वाटायचं ह्यांना काहीतरी झालंय.

हा सगळा पसारा संगणकाने मोडीत काढला, निदान तत्त्वतः. १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट हा कळफलक ठरला: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आणि टंकायचं ते उच्चाराच्या क्रमाने. क, मग वेलांटी. ती कुठे दाखवायची हे यंत्र बघेल. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं हे काम पुढे पुण्यात सीडॅकमध्ये वाढलं, १९९१ मध्ये त्याचं भारतीय मानक झालं, आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडनेही देवनागरीची मांडणी त्याच घराण्यातली घेतली. ही फार मोठी गोष्ट होती. साठवायचं एका क्रमाने आणि दाखवायचं वेगळ्या आकारात, म्हणजे ज्या कामासाठी लखनौला परिषद भरली ते काम सॉफ्टवेअरने गपचूप उरकलं. (प्रत्यक्षात पुढची पंधरा-वीस वर्षं आपण शिवाजी, किरण, श्रीलिपी असल्या एकमेकांशी न बोलणाऱ्या फॉन्टांत घालवली ही वेगळी रडकथा. पुन्हा कधीतरी.)

एक गंमत सांगून पुढे जातो. 'ॲप' ह्या शब्दातला 'ॲ' युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आला एप्रिल २००८ मध्ये. ॲपलचं ॲप स्टोअर उघडलं जुलै २००८ मध्ये. म्हणजे मराठी तीन महिने आधीच तयार होऊन बसली होती!

आता मोबाइल. साध्या बटणांच्या फोनवर बारा कळा. पण गरीब बिचाऱ्या फोनांनी देवनागरीचं जेवढं केलं तेवढं महागड्यांनी केलं नाही. नोकियाचा ११००, तो टॉर्चवाला, २००३ चा, आपल्याकडे हिंदी मेन्यूसकट मिळायचा. २००४ च्या सुमारास नोकियाच्या बऱ्याच फोनांवर हिंदीत एसएमएस लिहिता येऊ लागला. एका बटणावर चार-पाच अक्षरं, दाबत राहायचं, पण येत होतं. धंद्याचं गणित सरळ होतं. खेड्यात फोन विकायचा तर खेड्याची लिपी हवी.

दर मात्र आडवा यायचा. एसएमएसची मूळ रचना १४० बाइट्सची. इंग्रजी अक्षर सात बिटांत बसतं म्हणून १६० अक्षरं. देवनागरीला प्रत्येक चिन्हामागे सोळा बिट्स, म्हणून ७०. त्यात काना, वेलांटी, अनुस्वार सगळे वेगवेगळे मोजले जातात. "आम्ही सुखरूप पोहोचलो" ह्या तीन शब्दांची, मधल्या जागा धरून, वीस चिन्हं होतात. म्हणजे मराठीत जरा मोकळं लिहिलं की दोन मेसेजचे पैसे. दिवाळीच्या दिवशी तर एसएमएस पॅक चालायचाच नाही, "ब्लॅकआउट डे" म्हणून पूर्ण दर लागायचा. तुमच्यापैकी ज्यांनी आदल्या रात्री बारा वाजायच्या आत शुभेच्छा उरकल्या असतील त्यांना हे आठवेल.

आणि मग आले सरकत्या कीबोर्डचे स्मार्टफोन. पहिला अँड्रॉइड फोन, टी-मोबाइल जी-१, २००८ च्या ऑक्टोबरात बाजारात आला तो सरकता कीबोर्ड घेऊनच. पडद्यावरचा कीबोर्ड अँड्रॉइडमध्ये आला नंतर, एप्रिल २००९ च्या १.५ आवृत्तीत. म्हणजे सुरुवातीला कळा हाच टाइप करायचा एकमेव मार्ग होता. मग ते लहान लहान होत गेले. फेब्रुवारी २०१० मध्ये सोनी एरिक्सनने एक्स-१० मिनी प्रो दाखवला: ९० बाय ५२ बाय १७ मिलिमीटर, १२० ग्रॅम, पडदा अडीच इंचांहून किंचित मोठा. २०११ मध्ये एचपीने व्हीअर काढला, पडदा २.६ इंच, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. त्या वर्षांत वाटायचं, फोन असेच आटत आटत अंगठीएवढे होणार. झालं उलटंच.

ह्या फोनांच्या कीबोर्डला मी आज पंधरा वर्षांनी हात लावला आणि सांगतो, तो अप्रतिम आहे. कळा मधे किंचित फुगीर, त्यामुळे न बघता अंगठ्याला कळतं. कळ दाबल्याचं कळ स्वतः सांगते. काचेवर टाइप करताना जो एक सततचा संशय असतो तो इथे नाही. मी दोन ओळी टाइप केल्या, एकही चूक नाही.

पण त्या दोन ओळी इंग्रजीत होत्या.

कारण कळांवर छापलेलं असतं ते छापलेलं असतं. असे फोन जर्मनीत जर्मन कळांचे निघायचे, फ्रान्समध्ये फ्रेंच. आपल्याकडे यायचे ते रोमन. २००७ च्या जानेवारीत आयफोन दाखवताना स्टीव्ह जॉब्सने हाच मुद्दा मांडला होता, की प्लास्टिकची बटणं एकदा बसवली की बसली, उद्या नवीन काही सुचलं तर ती बदलता येत नाहीत. त्याच्या डोक्यात मराठी नव्हती, पण मराठीला हे वाक्य इंग्रजीपेक्षा जास्त लागू होतं. शिवाय प्रश्न लिहिण्याचाच नव्हता. त्या काळच्या मूळ अँड्रॉइडमध्ये देवनागरीचा फॉन्टही नव्हता, आणि वेलांटी जागेवर नेणारी, जोडाक्षर जुळवणारी यंत्रणाही नव्हती. विंडोज २००० ला जे जमत होतं ते दहा वर्षांनंतरच्या महागड्या फोनला जमत नव्हतं. देवनागरी मजकूर आला की रिकामे चौकोन दिसायचे. मराठी पेपर वाचायचा तर जुगाड होता: ऑपेरा मिनीच्या पत्त्याच्या जागी "ऑपेरा, कोलन, कॉन्फिग" टाइप करायचं आणि किचकट लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरं वापरा, हा पर्याय चालू करायचा. मग ऑपेराचे सर्व्हर अक्षरांची चित्रं काढून पाठवायचे. हे मी दादाच्या फोनवर केलं होतं, आणि दादाने मला हॉटेलात पनीर खाऊ घातलं होतं. माझं पहिलं आयटी काम!

आता आमच्या घरी येतो.

२०१० च्या दिवाळीत आण्णांनी दादाच्या नव्या फोनवर शुभेच्छा पाठवल्या. त्यांच्या बटणांच्या फोनमध्ये हिंदी टायपिंग होतं. त्यांनी पंधरा मिनिटं बसून, शुद्धलेखन सांभाळून, देवनागरीत मजकूर लिहिला होता. दादाचा हसत फोन आला, "काका, नुसते चौकोन आलेत. इंग्लिशमध्ये टाका ना." आण्णा "बरं" म्हणाले. पुढे त्यांनी तसंच केलं. मिनिटाला चाळीस शब्द मराठी टाइप करणारा माणूस एका अंगठ्याने, चाचपडत, रोमन अक्षरांत मराठी लिहू लागला. इंग्रजी त्यांना जेमतेम येतं. ळ ला काय लिहायचं, ण ला काय, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. कोणालाच कोणी सांगितलेलं नसतं म्हणा. दर्या आणि दऱ्या, आचार्य आणि आचारी ह्यांचा घोळ आपण सगळेच अंदाजाने निभावतो. मला, माळा, मळा: तिन्हींचं स्पेलिंग एकच.

ऑगस्ट २०११. बुधवारी सकाळी आज्जीच्या छातीत दुखायला लागलं. आण्णांनी तिला शेजारच्यांच्या गाडीत घालून अकलूजला नेलं. दादाला फोन लावला, तो मीटिंगमध्ये, उचलला नाही. मग दवाखान्याच्या दारात उभं राहून त्यांनी मेसेज केला. पूर्णविराम कुठल्या बटणावर आहे ते त्यांना कधीच सापडलं नाही, त्यामुळे सगळं सलग, तारेसारखं. मेसेज असा होता:

"आजीला के-ए-एल दवाखान्यात नेले आहे"

मधली तीन अक्षरं मुद्दाम तशीच ठेवलीत. आण्णांनी लिहिलं होतं: आजीला कळ. दवाखान्यात नेले आहे.

दादाने वाचलं: आजीला काल दवाखान्यात नेले आहे.

त्याखाली दादाचं उत्तर आहे, दुपारी दीडचं, रोमनमध्येच: "आता कशी आहे?" आणि आण्णांचं, संध्याकाळी सहाचं, एकच शब्द: "बरी".

दादा आला शनिवारी. १३ ऑगस्टला. त्या दिवशी राखीपौर्णिमा होती. आज्जी आदल्याच दिवशी घरी आली होती, खाटेवर बसून चहा पीत होती. ती पुढे तीन वर्षं चांगली जगली, त्यामुळे वरवर काहीच झालं नाही. पण त्या दिवसानंतर आण्णा आणि दादा यांच्यात काहीतरी बसलं ते बसलंच. आण्णांचं म्हणणं, मी दवाखान्याच्या पायरीवरून कळवलं तरी हा तीन दिवसांनी आला, तोही राखीला. ज्या आज्जीने वाढवलं तिच्यासाठी नाही. दादाचं म्हणणं मला खूप नंतर, वहिनीकडून कळलं: आज्जीला दवाखान्यात नेलं आणि मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेही मेसेजने, जसा काही मी त्या घरचा नाहीच. बापाविना वाढलेल्या मुलाला ते वाक्य कसं लागलं असेल ह्याचा मी तेव्हा विचार केला नव्हता. मी नववीत होतो, मला फक्त फोन उघडायचा होता.

दोघांनीही एकमेकांना कधी विचारलं नाही. आपल्याकडे विचारत नाहीत.

आज्जी घरी आल्याच्या आठवड्याभरात, १८ ऑगस्टला, एचपीने व्हीअरसकट आपले सगळे तसले फोन बंद करत असल्याचं जाहीर केलं. बाकीच्या कंपन्यांचे सरकते कीबोर्डही पुढच्या तीन-चार वर्षांत गेले. आणि कळा गेल्या तसतशी मराठी आत आली. २०१२ च्या अँड्रॉइड ४.१ मध्ये हिंदी कीबोर्ड आला. २०१३ मध्ये आयआयटी मुंबईच्या आयडीसीमधल्या अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी स्वरचक्र काढलं. व्यंजनं वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली, व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती काना-मात्रांचं चक्र उमलतं, बोट हव्या त्या दिशेला सरकवायचं. ह्याच जोशींनी २००४ मध्ये की-लेख नावाचा खऱ्याखुऱ्या कळांचा, वर्णमालेच्या क्रमाचा कीबोर्ड मांडला होता. पण प्लास्टिकच्या कळेभोवती चक्र कुठून उमलणार? काच आली आणि मग ते जमलं. २०१४ च्या शेवटी गुगलच्या भारतीय भाषांच्या कीबोर्डमध्ये मराठी आली, २०१७ च्या ऑगस्टमध्ये मराठीत बोलून टाइप करता येऊ लागलं. २०१६ मध्ये केंद्र सरकारनेही आदेश काढला की विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनवर सगळ्या अधिकृत भारतीय भाषा वाचता आल्या पाहिजेत. तारीख पुढे ढकलत ढकलत तो लागू झाला. फोनवर रिकामे चौकोन असू नयेत, एवढीच मागणी. दहा वर्षं आधी यायला हवा होता.

मला सरकता कीबोर्ड आवडतो. आजही तसा फोन मिळाला तर घेईन बहुतेक. पण ज्या वस्तूवर मी आठवीत जीव टाकला होता तिच्यात माझ्या बापाच्या भाषेला शिरायला दारच नव्हतं, आणि त्याच्या खिशातल्या हजार-बाराशेच्या डबड्यात होतं, हे मला ह्या विकांतापर्यंत कधी सुचलं नव्हतं.

असो. मी फोन घेऊन खाली आलो. आण्णा पेपर वाचत होते. म्हटलं, हे वाचा. त्यांनी चष्मा वर-खाली केला, पडदा फारच लहान. मी मोठ्याने वाचून दाखवलं, "आजीला काल दवाखान्यात नेले आहे."

"काल नाही रे," ते म्हणाले. "कळ. छातीत कळ आली होती ना तिला."

मी म्हटलं, दादाने काल वाचलं.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग फोन हातात घेतला, सरकवून उघडला, बंद केला. पुन्हा उघडला. मी तेवढ्यात त्या पडद्याचा फोटो काढून दादाला पाठवला, आणि खाली देवनागरीत "कळ" एवढंच लिहिलं. तिकडे पहाट होती. निळ्या खुणा लगेच आल्या, उत्तर आलं नाही.

तासाभराने फोन वाजला. माझा नाही, आण्णांचा. ते उठून ओसरीवर गेले. आई चहा घेऊन गेली तर हाताने "ठेव" अशी खूण केली. मी माळ्यावर परत चढलो. खाली आलो तेव्हा चहावर साय धरली होती आणि ते अजून बोलत होते.